सहा मुलींचा जबाब

जालना, ९ जुलै १९७९

प्रिय सत्यशीला,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू ते न उघडताच ठेवून देशील, असं वाटलं. म्हणून पत्ता ऑफिसात टाइप करून घेतला. उघडलंच आहेस तर एवढं वाचून काढ.

कारण तसं लहानच आहे. काल तारा आली होती, आपल्या संस्थेचे चिटणीस मार्तंडराव यांची मुलगी. आता डी.एड.च्या पहिल्या वर्षाला आहे. उंच झाली आहे, केस कापलेत, पण उजवा पाय अजून ओढतच टाकते. आमच्या घराच्या तीन पायऱ्या भिंतीला हात धरून चढली. चहा घेतला, कॉलेजातलं काहीबाही सांगितलं, आणि निघताना चपला घालता घालता म्हणाली, "बाई, बोर्डेबाईंचा पत्ता असेल का तुमच्याकडं? मला त्यांना भेटायचंय."

मी म्हणाले, "नाही गं. त्या गेल्या तेव्हापासून काहीच कळलं नाही."

पत्ता होता. मार्चमध्ये दहावीच्या पर्यवेक्षकांची यादी आमच्या शाळेत आली, तीत तुझं नाव होतं आणि पुढं जिल्हा परिषदेच्या शाळेचं गाव. मी ते एका चिठोऱ्यावर उतरवून घेतलं. कशाला घेतलं, सांगता येणार नाही.

तर विचारायचं एवढंच की, ताराला पत्ता देऊ का? तुला न विचारता देणं बरोबर वाटलं नाही. तिला काय बोलायचंय ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चार वर्षं झाली. घोगऱ्याच्या ओढ्यातून तू तिला बाहेर काढलंस, हे ती विसरलेली नाही, एवढं मात्र दिसलं.

इकडचं सांगायचं तर मी आता उपमुख्याध्यापिका आहे. मोठ्या बाई येत्या मार्चमध्ये निवृत्त होतील. शरदचंद्रांशी लग्न झालं, ते तुला कळलं असेलच. गाइडचं पथक बंद पडलं ते पडलंच. मुलींना डोंगरात न्यायला कुणी शिक्षिका तयार होत नाही आणि पालकही पाठवत नाहीत. त्या दिवशी जे झालं त्यात खरं तर कुणाचाच दोष नव्हता, असं मला वाटत आलंय. पाण्याचं काही सांगता येत नाही.

तुझ्या आईंना, केशरबाईंना, माझा नमस्कार सांग. त्यांचा गुडघा कसा आहे?

तुझी,
रजनी


जालना, २ ऑगस्ट १९७९

प्रिय सत्यशीला,

तुझं उत्तर आलं नाही. यायचं कारणही नाही. मागच्या पत्राची नक्कल मी ठेवली नव्हती, पण त्यातलं एक वाक्य सारखं आठवतंय. "कुणाचाच दोष नव्हता." ते वाचून तू कागद खाली ठेवला असशील. मी तुझ्या जागी असते तर फाडला असता.

आज शाळेला सुट्टी नाही, पण मी गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. सकाळपासून आपली पहिली खेप डोळ्यांपुढं आहे. मुलींना न्यायच्या आधी वाट पाहून यावी म्हणून आपण दोघीच गेलो होतो. त्र्याहत्तरचा सप्टेंबर. आदल्या वर्षीच्या दुष्काळानं डोंगर नुसता हाडासारखा झाला होता, असं तू सांगितलंस, आणि समोर तर सगळा हिरवा. सागाला तुरे आलेले, वाटेच्या दोन्ही अंगांना तेरडा. भोकरदनला गाडी बदलून तुमच्या पायथ्याच्या गावात उतरलो तेव्हा दहा वाजले होते. केशरबाईंनी आपल्याला नुसतं वर जाऊ दिलं नाही. म्हणाल्या, "डोंगर चढायचाय पोरींनो, पोट रिकामं घेऊन जाऊ न्हाई." ज्वारीची भाकरी, पिठलं आणि कारळाची चटणी. मी तीन भाकरी खाल्ल्या.

संध्याकाळी घरी आईनं विचारलं, "तिथं काही खाल्लं नाहीस ना?" मी म्हणाले, "डबा नेला होता." डबा नेला होताच. तो आपण कड्यावर पाय सोडून बसलो तेव्हा संपवला होता. आईशी खोटंही बोलले नाही आणि खरंही नाही. ती कला मला तेव्हापासूनच येते.

टेहळणीच्या कड्यावरून खाली बुलढाण्याकडचा मुलूख दिसायचा. ढग सरकला की एकेक गाव उघडं पडायचं आणि तू नाव सांगायचीस. मला त्यातलं एकही ओळखू यायचं नाही. परतताना घोगऱ्यापाशी थांबलो, पाण्यात पाय सोडले, तेव्हा तू म्हणालीस, "इथं एक ध्यानात ठेव. वरच्या अंगाला आभाळ काळं असलं की खाली कितीही ऊन असू दे, या पाण्याकडं यायचं न्हाई. हे पाणी मागून येतं." मी हे वहीत लिहून घेतलं होतं. वही अजून आहे.

सत्यशीला, जबाबावर सही मी केली. ते तुला माहीतच आहे, मोठ्या बाईंनी तुला कागद दाखवला होता. "सहलीचा मार्ग श्रीमती बोर्डे यांनी ठरविला व मुलींना पाण्याजवळ नेण्याचा निर्णयही त्यांचाच होता." कागद त्यांनी आधीच लिहून ठेवला होता. मला म्हणाल्या, "तुम्ही कायम आहात, तुमचं लग्न ठरतंय. त्या तात्पुरत्या आहेत. त्यांना काय, कुठंही मिळेल. त्यांच्यासाठी जागा राखीव असतात." मला ते ऐकून बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण बरं वाटलं. मी ते वाक्य पुढं कितीतरी दिवस स्वतःशी म्हणत होते.

तुला कुठंही मिळालं नाही. दोन वर्षं तू दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जात होतीस, बी.एड. झालेली बाई. आमच्या शाळेनं तुझ्या कागदांवर मारलेला "बेजबाबदार" हा शेरा जाईल तिथं तुझ्या आधी पोचत होता. आताही तू तिथं तात्पुरतीच आहेस, असं ऐकते.

गेल्या वर्षी या दिवसांत नामांतरावरून गावोगाव जी जाळपोळ झाली, तेव्हा मी रोज पेपरात तुमच्या गावाचं नाव शोधायची. नाव नसलं की पेपर मिटून ठेवायची. एक कार्ड टाकलं असतं तरी चाललं असतं.

ताराला पत्ता अजून दिलेला नाही.

रजनी


जालना, १९ ऑगस्ट १९७९

सत्यशीला,

तारा परत आली. या वेळी बसली नाही. दारातच म्हणाली, "बाई, पत्ता मिळाला का?"

मी म्हणाले, "शोधतेय."

ती म्हणाली, "मला सगळं आठवतं, बाई. लोकांना वाटतं मी बेशुद्ध होते. बेशुद्ध मी नंतर झाले, गाडीत. पाण्यात असताना नव्हते. 'अजून एक पाऊल मागं, तारा,' असं म्हणालं ते कोण, मला चांगलं आठवतं."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"दवाखान्यातून घरी आले तोवर सगळं ठरून गेल्तं. सहाजणींनी एकच सांगितलेलं. मला वाटायचं, आपलंच डोकं फिरलंय. आता तसं वाटत नाही." मग म्हणाली, "मी भांडायला नाही आले तुमच्याशी. मला फक्त त्यांना भेटायचंय."

मी तिला पत्ता दिला. पर्समधून तो चिठोरा काढला तेव्हा त्याच्या घड्या फाटत आल्या होत्या. तिनं त्या घड्यांकडं पाहिलं.

ती तुझ्याकडं पोचायच्या आत हे पत्र पोचावं म्हणून आजच टाकते. तिच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. आणि काही गोष्टी तिलाही माहीत नाहीत.

२१ सप्टेंबर १९७५, रविवार. सव्वीस मुली होत्या. फाट्यावर, जिथून उजवीकडं कडा आणि डावीकडं घोगरा, तू थांबून वर पाहिलंस आणि म्हणालीस, "आज घोगरा नको." मी "बरोबर आहे" म्हणाले. कड्यावर पोचलो, मुली डबे उघडायला लागल्या. माझ्या गळ्यात कॅमेरा होता. शरदचंद्रांचा. तेव्हा ते फक्त एकदा मला पाहून गेले होते, होकार आला नव्हता. मी सहलीला जाते, हे ऐकून त्यांनी आपणहून कॅमेरा पाठवला होता. मला तो परत करताना एक बघण्यासारखा फोटो द्यायचा होता. औरंगाबादच्या गाइड कार्यालयाला प्रदर्शनासाठी हवाय, असं मी नंतर सांगितलं. त्यांना हवा होताच, पण कड्यावरचाही चालला असता.

तुला मी म्हणाले, "सातजणींना खालच्या झऱ्यावर पाय धुवून आणते, दहा मिनिटांत येते." तू मुलींना कडेपासून लांब बसवत होतीस. मान हलवलीस. तुला खोटं सांगून मी त्यांना घोगऱ्यावर नेलं. तारा, उषा, सगुणा, चांगुणा, मुंदड्यांच्या दोघी बहिणी आणि बेबीनंदा.

पाणी स्वच्छ होतं, गुडघ्याएवढं. मधल्या काळ्या सपाट दगडावर मुलींना उभं केलं. सातही चौकटीत बसेनात. म्हणून म्हणाले, थोडं मागं, अजून एक पाऊल. एक फोटो झाला. दुसरा घेताना पाहिलं की मुलींच्या पायाशी पाणी तांबूस होतंय, काटक्या येताहेत, पानं येताहेत. मला दिसलं, सत्यशीला. मी ते कॅमेऱ्यातून पाहिलं आणि तरी बटण दाबेपर्यंत थांबले. मग आवाज आला.

सहाजणी उड्या टाकून काठावर आल्या, दोघींना मी हात दिला. तारा टोकाला होती. तिचा पाय घसरून दोन दगडांत अडकला. तेव्हा मी काय केलं माहीत आहे? कॅमेरा डोक्यावर धरला. तसाच धरून मागं आले, कोरडा दगड शोधला, त्यावर ठेवला, आणि मग पाण्याकडं वळले. किती वेळ गेला असेल, सांगता येत नाही. तेवढ्यात बेबीनंदा शिट्टी वाजवत वर पळाली होती आणि तू उतारावरून येताना दिसलीस. पदर खोचून तू छातीएवढ्या पाण्यात उतरलीस. मी काठावर उभी होते.

ताराला पाठुंगळी घेऊन तू पायथ्याला आलीस, तिथून बैलगाडी, मग सडकेवर कुणाची तरी जीप. तू तिच्याबरोबर जालन्याच्या दवाखान्यात गेलीस आणि मी बाकीच्या पंचवीस मुलींना घेऊन गाडीची वाट पाहत थांब्यावर उभी राहिले. आता लिहिते ते तिथलं.

मी त्या सहाजणींना बाजूला घेतलं. म्हणाले, "कुणी विचारलं तर सांगायचं, बोर्डेबाई म्हणाल्या पाण्याजवळ चला. त्यांना इथलं सगळं माहीत आहे, त्यांना कुणी काही बोलणार नाही. माझं नाव आलं तर मला काढून टाकतील आणि आपलं पथक बंद होईल." पोरी रडत होत्या. चांगुणानं मान हलवली, मग बाकीच्यांनी. बेबीनंदा तेवढी म्हणाली, "पण बाई, त्या तर वर होत्या."

मी म्हणाले, "तू लहान आहेस. तुला कळत नाही."

तिसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी एकेकीला आत बोलावलं. सहाजणींनी सहा वेळा तेच सांगितलं, बेबीनंदानंसुद्धा. जबाबाखाली सहाही नावं आली.

तू स्टाफरूममध्ये मोठ्या बाईंना म्हणाली होतीस, "पोरींच्या तोंडी हे तुम्ही घातलंत." त्या शपथेवर नाही म्हणत होत्या आणि तुझा विश्वास बसत नव्हता. मी तिथंच होते, खिडकीजवळ, नववीच्या वह्या तपासत. त्यांनी नव्हतं घातलं. मी घातलं होतं. चार वर्षं तू भलत्या बाईचा राग करते आहेस, हे मला माहीत होतं, आणि मला त्याची सोय वाटत होती.

रजनी


जालना, १५ सप्टेंबर १९७९

सत्यशीला,

तू अजून काही लिहिलं नाहीस. मी काय केलं ते कळवते, एवढंच.

आधी शरदचंद्रांना सांगितलं. ते जेवत होते, हात धुऊन आले आणि सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "आता उकरून कुणाचं भलं होणार आहे?" मी म्हणाले, "एकीचं तरी होईल." बराच वेळ ते पेपर वाचत बसले. मग म्हणाले, "हे तू मला लग्नाआधी सांगायला हवं होतंस." त्यानंतर घरात बोलणं कामापुरतं आहे. तो कॅमेरा कपाटाच्या वरच्या फळीवर असायचा, आता तिथं दिसत नाही.

मग चार पानी कागद लिहिला. वर तुला लिहिलं तेच, पण सरकारी भाषेत. सरकारी भाषेत ते फार लहान दिसतं. मोठ्या बाईंनी पहिलं पान वाचलं आणि चष्मा काढला. "रजनीबाई, मार्चनंतर या खुर्चीवर कोण बसणार, हे ठरल्यासारखं आहे. हा कागद घरी न्या. मी पाहिला नाही."

"तुम्ही नाही घेतलात तर मी संस्थेकडं देते."

"चिटणीस कोण आहेत, माहीत आहे ना?"

माहीत होतं. मार्तंडरावांच्या घरी गेले. ते बैठकीत एकटेच होते. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी चारही पानं वाचली, बोट ओळीखाली धरून, कज्ज्याचे कागद वाचावेत तशी. मग विचारलं, "ताराला हे माहीत होतं?"

"हो."

"चार वर्षं माझ्यासमोर जेवायला बसते ती," ते म्हणाले. "मी तिच्यादेखत त्या बाईंना काय काय बोललोय." मग म्हणाले, "त्या बाई ताराची चौकशी करायला आल्या होत्या. त्या दाराशी. मी त्यांना आत या म्हटलं नाही. दारातूनच घालवलं."

हे मला माहीत नव्हतं. तू कधी सांगितलं नव्हतंस.

त्यांनी कागदावर "पोचला" असं लिहून सही केली आणि एक प्रत औरंगाबादला शिक्षणाधिकाऱ्यांकडं पाठवायला सांगितली, तुझ्यावरचा शेरा रद्द करावा, या शिफारशीसह. पण उठताना म्हणाले, "माझ्या पोरीचा पाय तुमच्यामुळं गेला, हे मी विसरणार नाही." मी म्हणाले, "विसरू नका."

मला नोटीस आली आहे. पंधरा दिवसांत खुलासा. खुलासा करण्यासारखं काही उरलेलं नाही, तेव्हा एक ओळ लिहून दिली. उपमुख्याध्यापिकेचं पद गेल्यात जमा आहे. नोकरी राहील की नाही ते दिवाळीनंतर कळेल. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. खरं तर कागद दिला त्या दिवशी मला फार हलकं वाटलं, बाजारात जाऊन मी चाफ्याची फुलं घेतली. घरी आल्यावर त्या फुलांकडं पाहवेना. हलकं वाटायचा मला काय हक्क होता?

आणखी काय करू, ते तू सांग. सांगितलं नाहीस तरी चालेल.

रजनी


मंठा, २८ ऑक्टोबर १९७९

सत्यशीला,

तुझं कार्ड दिवाळीच्या आधी मिळालं. मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. तरी इथं उतरवते, म्हणजे मी त्यातलं काही गाळलं नाही, हे तुला दिसेल.

"पत्रं पोचली. शेरा निघेल न निघेल, ते मी बघते. माफीचं विचारू नकोस, माझ्याजवळ सध्या नाही. तारा येऊन दोन दिवस राहून गेली, आईला ती आवडली. त्या सहाजणींचं काय? त्या चौदा वर्षांच्या होत्या. त्यांच्याकडं जा आणि तोंडानं सांग. पत्रानं नको."

दिवाळीच्या सुट्टीत निघाले. मी चार पत्रं लिहिली तुला, चार पानी कागद लिहिला, आणि त्या सहाजणी एकदाही माझ्या मनात आल्या नव्हत्या. मी त्यांना साक्षीदार समजत होते. त्यांचं काही नुकसान झालं असेल, हे तू लिहीपर्यंत सुचलंच नाही.

मुंदड्यांच्या दोघी जालन्यातच आहेत. थोरली हसली. "किती जुनं काढलंत बाई," म्हणाली आणि फराळाचं ताट पुढं केलं. धाकटी ऐकता ऐकता उठून आत गेली, ती मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

उषा तीर्थपुरीला दिली आहे. सासू शेजारी बसून होती, उठायचं लक्षण दिसेना, म्हणून तिच्यासमोरच सांगितलं. उषा गोंधळली. म्हणाली, "पण बाई, मला तर बोर्डेबाई पाण्याजवळ दिसतात. आमच्याफुडं उभ्या. हात करून बोलावतायत." मी म्हणाले, "तसं नव्हतं उषा. तसं मी तुला सांगितलं होतं." मग हळूच म्हणाली, "मंग मला दिसतंय ते काय हाये?"

चांगुणा औरंगाबादला नर्सिंगला आहे. वसतिगृहाच्या व्हरांड्यात उभ्यानंच बोललो. तिला राग आला, आणि तो बरोबर आला. "सगळ्यात आधी मान मी हलवली होती," म्हणाली. "मोठं झाल्यावर कळलं काय केलं ते. तुम्ही आज आलात. आता हलकं वाटतंय का तुम्हांला?" मी नाही म्हणाले. ती म्हणाली, "चांगलंय," आणि ड्यूटीवर निघून गेली.

सगुणाच्या वडिलांची बदली झाली, कुठं ते कुणाला नक्की ठाऊक नाही. शोधते आहे.

आणि आज सकाळी मंठ्याला आले. बेबीनंदा इथं आहे. तिनं नववीतच शाळा सोडली, ते तुला ठाऊक नसेल, तू आधीच गेली होतीस. हजेरीपटात तिच्या नावापुढं "सतत गैरहजर" असं लिहून नाव मीच कमी केलं. घरी जाऊन चौकशी केली नाही. तिचे मालक, शिवाजी, मोंढ्यात कामाला आहेत. दोन खोल्यांचं घर, दारात पारिजातक. दीड वर्षाची मुलगी कडेवर घेऊन ती दारात आली आणि मला पाहून डोक्यावरचा पदर सारखा केला, जशी मी तिची सासूच.

मी सगळं सांगितलं. ती खाली बसून ज्वारी निवडत होती, ती तिनं थांबवली नाही. बोलणं संपल्यावर म्हणाली, "बाई, तुम्ही खोटं बोलाय लावलं म्हणून शाळा न्हाई सोडली मी."

"मग?"

"बोर्डेबाई शाळेतून शेवटच्या गेल्या त्या दिवशी मला फाटकापाशी भेटल्या. हातात पिशवी होती. थांबल्या अन् म्हणल्या, बेबी, अभ्यास सोडू नको. मला वर बघता आलं न्हाई त्यांच्याकडं. त्याच्यानंतर फाटक आलं की पाय मागं वळायचे. दिवाळीपसून जाणंच बंद केलं. माय म्हणायची पोरीला नजर लागली."

मूल तिच्या सुपातले दाणे सांडत होतं. ती ते गोळा करत राहिली. मग विचारलं, "त्यांना ठाऊक होतं का, मी बी त्यांचं नाव सांगितलं म्हणून?"

मला खोटं सांगता आलं असतं. तिला बरं वाटलं असतं.

"हो," मी म्हणाले. "जबाबाखाली सहाही नावं होती. मोठ्या बाईंनी त्यांना तो दाखवला होता."

"फाटकापाशी भेटल्या त्याच्या आधी?"

"आधी."

"तरी म्हणल्या, अभ्यास सोडू नको?"

मी मान हलवली. तिनं सूप बाजूला ठेवलं. मुलीला उचलून आतल्या खोलीत गेली, बराच वेळ आली नाही. मी निघायला उठले होते, तर बाहेर आली, तोंड धुतलेलं, आणि म्हणाली, "तुम्ही त्यांना कागद लिहिणार हाव ना? खाली जागा ठेवा. मला लिहायचंय."

म्हणून हे पत्र इथंच, तिच्या घरात बसून लिहिलं. माझं संपलं. पुढचं तिचं आहे, मी ते वाचणार नाही. ती लिहीत असताना मी मुलीला घेऊन दारात बसते आहे.

रजनी

बोर्डेबाई, जयभीम.

मी बेबीनंदा. नववी ब. लिहायची सवय गेली, चुका असतील.

पाण्याजवळ तुम्ही नव्हत्या. मला तवाबी माहीत होतं. कुणी मारलं न्हाई, कुणी धमकी दिली न्हाई. रजनीबाई मला लई आवडायच्या, त्यांना काढून टाकतील म्हणून सांगितलं. तुम्ही बी आवडायच्या. पण तुम्ही आमच्यातल्या, तर तुम्ही समजून घेसाल असं वाटलं. अशी कशी मी वाटून घेतलं, त्याचाच इचार करून राह्यले इतके वर्ष.

तुम्ही जबाब वाचून बी मला अभ्यास सोडू नको म्हणल्या, हे मला आज कळलं. मी सोडला.

आमचे मालक म्हणतात दहावी बाहेरून देता येते. पुस्तकं हायेत. मराठी, इतिहास माझं मी करते. गणित मला कुणी शिकवलं तरच येतं. तुम्ही शिकवसाल का? मंठ्याहून सकाळी जालन्याची गाडी हाये, तिथून भोकरदनची भेटते, मी विचारून ठेवलं. पोरगी संग असंल, ती रडत न्हाई.

तुम्ही नको म्हणलं तरी मी एकदा येऊन जाणार हाये. वर बघून बोलायचं राहिलंय.

बेबीनंदा